थंड इंजिनाची फट

मंगळवार, ६ जानेवारी

विनय म्हणतो, लिहीत जा, मनातलं बाहेर पडतं. माझ्या मनातलं बाहेर पडायला आजवर वहीची गरज लागलेली नाही, हे एकोणीस वर्षांच्या संसारात त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी वही आणून दिली त्याने. निळी, जाड पुठ्ठ्याची. असो.

नोकरी जाऊन अकरा आठवडे झाले. शॉमबर्गमधल्या त्या इन्शुरन्स कंपनीत तेरा वर्षं डेटाबेस सांभाळले आणि एका पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये मोकळी झाले. पुन्हा तसली नोकरी शोधायची नाही, हे मी त्याच दिवशी पार्किंगमध्ये ठरवलं. जुन्या डिझेल गाड्यांची देखभाल करायची, लोकांच्या घरी जाऊन. ओळखीतले हसले. हसू देत. माझे बाबा अकोला डेपोच्या एसटी वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक होते, आणि माझे रविवार तिथेच गेले. इथे तसल्या गाड्या हौसेने ठेवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना हात लावणारे फार थोडे उरलेत.

पहिलं काम उद्या. इथल्या मराठी मंडळातल्या त्र्यंबककाकांची गाडी, १९८३ची जर्मन डिझेल. काका सत्त्याहत्तर वर्षांचे. पंप बनवणाऱ्या कंपनीतून इंजिनियर म्हणून रिटायर झाले. सुवर्णाकाकू गेल्यापासून चार वर्षं एकटेच राहतात. एकवीस तारखेला ते ही गाडी घेऊन डुलुथला निघणार आहेत, आठ तास उत्तरेला, मुलीकडे. देवयानीचं तेवीसला ऑपरेशन आहे, तीन महिने थांबल्यावर मिळालेली तारीख. ती एकटी आहे, आणि तिची आन्या आठ वर्षांची. काका गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोचले नाहीत तर आन्याला बघायला कुणी नाही आणि ऑपरेशन पुढे जाणार. "गाडी ठणठणीत हवी हं," एवढंच म्हणाले.

बुधवार, ७ जानेवारी

झालं काम. टॅपेट बसवले, म्हणजे झडपांची फट लावली.

बाबांना सगळं शिकवता आलं नसेल, पण हे शिकवलं. इंजिनाच्या प्रत्येक झडपेत आणि तिला दाबणाऱ्या दांड्यात कागदाएवढी फट ठेवावी लागते. झडप हवा आत घेते, धूर बाहेर सोडते, आणि मधल्या वेळात तिला घट्ट मिटायचं असतं. गाडी चालते तशी ही फट बदलते, म्हणून ठरावीक मैलांनंतर ती मोजून पुन्हा बसवायची. फार काही नाही, दोन पाने आणि मोजायची पातळ पाती. पण हात पाहिजे.

मी गेले तेव्हा काका नुकतेच अरोराच्या देवळातून आले होते. म्हणाले, "गाडी गरम आहे गं. उद्या सकाळी करायचं का?"

"काका, गरम इंजिनावरच करतात," मी म्हटलं. डेपोत नेहमी तसंच करायचे. बाबांच्या मनगटावरचे पोळल्याचे डाग मी लहानपणापासून बघितलेत.

त्यांनी गाडीच्या कप्प्यातून पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. मी म्हटलं, "ते राहू दे आत. आकडे मी फोनवर बघितलेत आणि हात बाबांचा आहे." काकांनी पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं, मी चहा ठेवतो."

दहा झडपा, दीड तास. मग गाडी सुरू केली तर काय सांगू, आधीची टकटक कुठल्या कुठे गेली. काका बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. "फारच शांत झाली गं," म्हणाले. मला इतका आनंद झाला की घरी येताना सगळे सिग्नल हिरवे लागल्यासारखे वाटले.

शुक्रवार, ९ जानेवारी

काकांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: "आसावरीने गाडीचं काम मन लावून केलं. इंजिन अगदी शांत." चौतीस जणांनी लाइकचे अंगठे टाकले. नेपरव्हिलच्या प्रसादचा लगेच फोन आला, त्याच्याकडे तसलीच गाडी आहे. एकतीस तारीख दिली.

जेवताना विनय म्हणाला की दुपारी काकांचा फोन आला होता.

"तुला? कशाला?"

"सहजच." मग आमटी वाढून घेतली, परत भात घेतला आणि म्हणाला, "अगं, काका निघायच्या आधी एकदा गाडी थंड असताना चेक करून बघायचं का?"

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "तू तुझ्या ऑफिसात काय करतोस ते मी कधी चेक करायला येते का?"

त्याने ताटातला भात संपवला. विनयचं हे एक बरं आहे, वाद वाढवत नाही. गेली काही वर्षं तर आमचं भांडण असं झालेलंच नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. काकांकडे तिळगूळ द्यायला गेलो. बाहेर दहा डिग्री फॅरनहाइट. गाडीबद्दल विचारलं तर म्हणाले, "छान आहे. सकाळी सुरू व्हायला हल्ली जरा वेळ घेते, पण थंडी पण आहे ना."

"बॅटरी बघून घ्या," मी म्हटलं.

"हो, बॅटरीच असेल," म्हणाले. आणि विनयकडे बघितलं. हे दोघं हल्ली एकमेकांकडे फार बघतात. दोघांनी मिळून एखादी जुनी गाडी घ्यायचं ठरवलंय की काय कोण जाणे.

परत येताना विनयने पुन्हा सुरू केलं. "त्या पुस्तकात काय लिहिलंय ते एकदा आपण…"

"विनय, माझ्या बाबांनी एकतीस वर्षं हे काम केलंय. तुला साधं वायपरचं पाणी भरता येत नाही."

गोड बोलायचा दिवस म्हणून एवढ्यावरच थांबले. तो उरलेला रस्ता रेडिओ ऐकत होता.

बुधवार, २१ जानेवारी

आज अक्षर वाईट येणार.

काका सकाळी नऊला निघाले. मुक्काम ओ क्लेअरला, विस्कॉन्सिनमध्ये, आणि उद्या डुलुथ. निघताना गाडीने तिसऱ्या सेल्फला दाद दिली. पांढरा धूर जरा जास्तच सोडला. मी हात हलवला.

दुपारी बाबांशी व्हिडिओवर बोलले. पहिल्या कामाचं कौतुक ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू. बाबांना आता कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून सांगितलं. गरमवर टॅपेट बसवले, म्हटलं, अगदी तुमच्यासारखे.

"आकडा कोणता लावला?" बाबांनी विचारलं.

मी सांगितला.

"तो तं थंडाचा असंल, बाई. गरमाचा आकडा वेगळा राहते."

मी म्हटलं, "पण तुम्ही तर कायम गरमवरच करायचे."

"मंग काय करणार? पाच वाजता गाडी सुटे. थंड व्हाले येळ कोण देत होतं आम्हाले? जमलं असतं तं थंडावरच केलं असतं. पुस्तकात काय लिहेल होतं?"

मी काय सांगणार? पुस्तक आत ठेवा म्हणाले होते मी.

फोन ठेवला आणि शोधलं. पाच मिनिटांत सापडलं, पाच मिनिटांत. ह्या इंजिनात गरम झाल्यावर फट वाढते आणि गार झाल्यावर आवळते. मी गरम इंजिनावर थंडाचा आकडा लावला, म्हणजे गार झाल्यावर फट उरतच नाही. झडप पुरती मिटत नाही. गाडी गरम आहे तोवर चालेल, पण रात्रभर थंडीत उभी राहिली की दाबच तयार होणार नाही, आणि डिझेल इंजिन पेटतं ते दाबाने. खाली हेही लिहिलं होतं की ह्या गाड्यांची टकटक थांबली तर काळजी करा. आणि मी त्या शांततेवर अंगठे मोजत बसले होते.

ओ क्लेअरला उद्या पहाटे उणे सोळा फॅरनहाइट.

दोनपासून काकांना अकरा फोन केले. ते गाडी चालवताना फोन बंद ठेवतात. विनयला ऑफिसात फोन करून सगळं सांगितलं. तो जराही दचकला नाही. एवढंच म्हणाला, "आता पोचल्यावर त्यांना सांग." मला त्याच्या त्या शांत आवाजाचा रागच आला.

साडेचारला काकांचाच फोन आला. पोचलो, गाडी मस्त चालली, खोली गरम आहे. मी बोलायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "देवयानीला सांगितलं, आसावरीने गाडी केलीय, काळजी करू नकोस."

आणि माझ्या तोंडून काय निघालं? "काका, रात्री इंजिन हीटरची वायर प्लगला लावून ठेवा हं, थंडी आहे." बस. हो म्हणाले आणि फोन ठेवला.

हीटर लावला की इंजिन गार पडणार नाही, गाडी सुरू होईल, मग डुलुथला जाऊन मी गुपचूप दुरुस्त करीन, असा हिशोब केला मी. ह्याला भित्रेपणा म्हणतात. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच वेगळं काही आठवायला नको.

गुरुवार, २२ जानेवारी, सकाळी सात

काकांचा फोन आला. मोटेलच्या बाहेरचा प्लग मेलेला होता. रात्रभर गाडी तशीच उभी. पहाटे पाऊण तास सेल्फ मारला, आता बॅटरीही बसली. टोइंगवाला म्हणतो सहा तास लागतील, आज सगळ्यांच्याच गाड्या अडकल्यात. "मी बघतो काहीतरी," म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. मी म्हटलं, "काका, आत जाऊन बसा, मी येते." ते नको नको म्हणत होते तोवर फोन ठेवला.

विनयने सुट्टी टाकली. गाडी तोच काढतोय. मी पाने घेतले.

गुरुवारच, संध्याकाळी, परतताना. विनय चालवतोय

घरी जाईपर्यंत थांबलं तर मी ह्यातलं निम्मं बदलून लिहीन, म्हणून आत्ताच.

बाराला पोचलो. काका मोटेलच्या लॉबीत कोट, टोपी, हातमोजे चढवून बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. गाडी थंडीने नाही बंद पडली, माझ्यामुळे बंद पडली. गरम इंजिनावर थंडाचा आकडा लावला. कालपासून मला माहीत आहे, काल फोनवरही माहीत होतं. माझ्या गाडीत बसा, मी तीनपर्यंत तुम्हाला डुलुथला सोडते.

काका म्हणाले, "आणि तिथे आठवडाभर आन्याला शाळेत कशाने नेऊ? तू कर ना. आता तर थंड आहे."

हे ते चेष्टेने म्हणाले की कसं, मला कळलं नाही. अडीचपर्यंत करून बघायचं असं ठरलं. नाही जमलं तर त्यांनी मुकाट्याने आमच्या गाडीत बसायचं. चारनंतर बर्फ सांगितलं होतं.

उणे सहा होतं भर दुपारी. वरचं झाकण काढेपर्यंत बोटं कुठे संपतात ते कळेना. विनय पुस्तक धरून उभा होता. पिवळं पान वाऱ्याने फडफडत होतं आणि तो आकडे वाचत होता, हवेच्या झडपेला दहा, धुराच्या, म्हणजे एक्झॉस्टला तीस, मिलिमीटरचे शंभरावे भाग. पहिल्याच झडपेत पातं घातलं, जाईना. त्याहून पातळ घेतलं, तेही जाईना. दुसऱ्या सिलिंडरला तर माझ्याकडचं सगळ्यात पातळ पातंही शिरलं नाही. पंधरा दिवस एक म्हातारा माणूस हे घेऊन फिरत होता.

चौथी झडप झाली तेव्हा मी म्हटलं, "काका, तुम्ही आत जा. आणि मला माफ करा. पुस्तक बघितलं असतं तर…"

"मी बघितलं होतं," काका म्हणाले.

माझा पाना थांबला.

"त्याच दिवशी. तू हात धुवायला गेलीस तेव्हा. थंड असतानाच करा, असं ठळक अक्षरात लिहिलंय."

"मग बोलला का नाहीत?"

काका बुटाने बर्फ उकरत होते. "तू एवढ्या उमेदीने आली होतीस. पहिलंच काम. आणि… तू रागावतेस गं. भीड पडली. म्हणून मी विनयला फोन केला, म्हटलं तू घरचा माणूस, तूच हळूच सांग."

मी विनयकडे बघितलं. तो पुस्तकात बघत होता. म्हणाला, "पाचवी. एक्झॉस्ट. तीस."

खरं सांगते, त्या वेळी मला पाना फेकून द्यावासा वाटला. दोघांना माहीत होतं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस उणे सोळामध्ये निघाला, तरी दोघं गप्प. का, तर आसावरी रागावेल. इतकी काय मी वाघीण आहे का? हे ओरडून विचारणारच होते आणि तोंड उघडल्यावर लक्षात आलं की ह्या प्रश्नाचं उत्तर ओरडूनच दिलं जातंय. दीड वाजून गेला होता. सहा झडपा बाकी होत्या. मी पाना पुन्हा लावला आणि म्हटलं, "तीस. पुढे?"

"सहावी. दहा."

दोन वाजून दहा मिनिटांनी झाकण बसवलं. आमच्या गाडीवरून बॅटरीला वायर जोडली. काका स्टिअरिंगवर बसले. पहिला सेल्फ, काही नाही. दुसरा, काही नाही, नुसता धूर. मी हात जोडले नाहीत, पण जोडायच्या बेतात होते. काकांनी अर्धं मिनिट इंजिन आतून तापू दिलं आणि तिसऱ्यांदा किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबल्यासारखी झाली, आणि लागली. टकटक टकटक टकटक. इतका आवाज की लॉबीतल्या बाईने काचेतून बघितलं. मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि रडले. लिहायला लाज वाटते, पण रडले.

काका साडेपाचला पोचले. आन्याने दार उघडलं, असा मेसेज आलाय.

विनयला मी अजून काही विचारलेलं नाही. विचारलं तर कसं विचारीन, ह्याची मलाच खात्री नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

ऑपरेशन नीट झालं. काकांचा दहाला फोन आला.

मग विनयला विचारलं. आवाज न चढवता विचारायला तीन प्रयत्न लागले. तो म्हणाला, "मी सांगायला गेलो होतो, दोनदा." मी म्हटलं, शक्य नाही, मला आठवलं असतं. मग ही वही उघडली. नऊ तारीख. चौदा तारीख. माझ्याच अक्षरात. तो काय म्हणाला ते शब्दासकट आहे, आणि मी काय म्हणाले तेही. वर पुन्हा कौतुकही केलंय, वाद वाढवत नाही म्हणून.

तरी त्याने तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं. हेही मला वाटतं. दोन्ही वाटतं.

प्रसादला फोन करून काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "अरे यार, थँक्स फॉर टेलिंग मी," आणि दोन तासांनी एकतीस तारखेचं कॅन्सल केलं.

बुधवार, २८ जानेवारी

आज देवयानी हॉस्पिटलमधून घरी आली आणि तिने मला फोन केला. आवाजात अजून अशक्तपणा होता. आभार मानायला केला होता. "बाबा म्हणाले, खूप थंडी होती म्हणून गाडी बंद पडली आणि तुम्ही एवढ्या लांब ड्राइव्ह करून आलात. कोण करतं एवढं, आसावरीताई?"

म्हणजे काकांनी तिला सांगितलंच नव्हतं. पुन्हा माझी भीड.

हो हो, काळजी घे म्हणून फोन ठेवता आला असता. आजारी बाईला कशाला त्रास, हे कारणही तयार होतं. आणि चांगलं कारण होतं. मी म्हटलं, "देवयानी, थंडी नव्हे. चूक माझी होती. तुला आत्ता ऐकायचं नसेल तर नंतर सांगते."

"आत्ताच सांगा."

सांगितलं. गरम इंजिन, पुस्तक, सगळं. मागच्या बुधवारचा फोनही सांगितला.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे बुधवारी संध्याकाळी तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही फक्त हीटर लावा म्हणालात."

"हो."

"बाबा पाऊण तास त्या पार्किंगमध्ये सेल्फ मारत होते. त्यांना दोन स्टेंट आहेत, माहितीये तुम्हाला? इथे मी आन्याला सांगून बसले होते की आजोबा नाही आले तर तू शेजारच्या बाईंकडे झोप. तिला ती बाई आवडत नाही. ती मला म्हणाली, मॉम, कॅन यू नॉट डू द सर्जरी. तुम्हाला तुमचा बिझनेस करायचा होता, मान्य. पण फोनवर एक वाक्य बोलायला काय जात होतं?"

"काही जात नव्हतं," मी म्हटलं.

"मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तशीच बसून राहिले. तोंडात नेहमीसारखी उत्तरं जमा झाली होती, एकाला तीन. त्यातलं एकही खरं नव्हतं. तिला माझी जरासुद्धा भीती वाटली नव्हती, आणि तिचं एकूण एक बरोबर होतं.

विनय दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं असणार.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"जे म्हणायला हवं होतं ते. मी ऐकून घेतलं."

तो आत आला नाही, गेलाही नाही. चौकटीला टेकून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, जिना उतरण्याआधी पायरी भक्कम आहे का बघावं तसा.

"मलाही थोडं बोलायचंय," तो म्हणाला. "गाडीबद्दल नाही."

मी समोरच्या खुर्चीवरचे कपडे उचलले आणि म्हटलं, "बस."